घाण वासाची छत्री



यंदाच्या जुलै महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गात फार घाण वास येत होता. तो वास कशाचा होता, ते आम्हाला चार दिवसांनी कळले. त्या चार दिवसांत आमच्या हातून एक चूकही झाली. ही दोन्ही माहिती सर्वांना व्हावी म्हणून मी हा लेख लिहीत आहे. शेजारच्या कागदावर मी चित्र काढले आहे. लेख वाचताना ते चित्रही पाहावे.

आमचे गाव मावळात, लोहगडाच्या बाजूला आहे. लोणावळा जवळच आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे चार मीटरहून जास्त. सगळे पाणी वाहून न जाता साठले असते, तर आमची शाळा कौलापर्यंत बुडाली असती. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. भिंतींना ओल येते, दप्तराला बुरशी येते. शाळेच्या मागे बांबूचे बेट आहे. त्याच्याखाली पाचोळा आणि जुने कुजलेले बांबू पडलेले असतात. आमच्या वर्गाची खिडकी त्याच बाजूला उघडते.

सोमवारी प्रार्थना झाली आणि आम्ही वर्गात बसलो. तेव्हा पहिल्यांदा वास आला. उंदीर मेल्यासारखा वास होता. खिडकीजवळ आमच्या वर्गातला एक मुलगा बसतो. तो वाडीवरून चालत येतो. त्याचे वडील ओढ्यात मासे आणि चिंबोऱ्या धरतात. कधी कधी तोही पहाटे त्यांच्याबरोबर जातो आणि मग शाळेत येतो. त्याचे नाव मी लिहीत नाही. पण त्याला विचारूनच हे लिहिले आहे.

कोणीतरी म्हणाले, "याच्याच दप्तरात चिंबोऱ्या असतील." सगळे हसले. मग सगळ्यांनी नाकाला रुमाल लावला. मीपण लावला. मी त्याच्या शेजारच्या रांगेत बसते. मी माझे दप्तर उचलले आणि पलीकडे जाऊन बसले. त्याने दप्तर उघडून दाखवले. त्यात पुस्तके आणि भाकरीच होती. तरी कोणी ऐकले नाही. मंगळवारी पण तसेच झाले. बुधवारी तो शाळेत आला नाही. गुरुवारी पण आला नाही.

गुरुवारी वास सोमवारपेक्षाही जास्त येत होता. मी त्याच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. तो तर दोन दिवस आलाच नाही. मग वास त्याचा कसा? मी उठून गुरुजींना तसे सांगितले. गुरुजी क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे सोमवारीच सुचायला हवे होते. तुम्हालाही आणि मलाही. चला, आता शोधू."

आम्ही इरली आणि छत्र्या घेऊन शाळेच्या मागे गेलो. आधी वाटले, उंदीर किंवा घूस मेली असेल. पण गुरुजी म्हणाले, "नाकाने नीट कळत नसेल, तर माश्या कुठे जातात ते बघा." खरेच, मोठ्या हिरव्या माश्या बांबूच्या बेटाकडे जात होत्या. त्यांच्या मागे गेलो, तर कुजलेल्या बांबूशेजारी पाचोळ्यातून एक पांढरी वस्तू वर आली होती. तिला पांढऱ्या जाळीचा घागरा होता! इतकी सुंदर वस्तू आणि वास असा, हे आम्हाला खरेच वाटेना. पण जवळ गेल्यावर सगळ्यांनी नाक धरले. वास तिचाच होता.

ती एक प्रकारची अळंबी होती. अळंबीला पुस्तकात भूछत्र म्हणतात. आमच्याकडे न खायच्या सगळ्याच अळंब्यांना कुत्र्याची छत्री म्हणतात. माझ्या आजीला सांगितले तर ती म्हणाली, "आगं, ती कुत्र्याची छत्रीच हाय. पावसात येती न् दोन दिसांत जाती. हात लावू नगंस." गुरुजींनी पुस्तकात पाहून तिचे शास्त्रीय नाव सांगितले, फॅलस इंड्युसिएटस. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ झगा घातलेली असा आहे. हे नाव फ्रान्सच्या वेंतना नावाच्या शास्त्रज्ञाने १७९८ साली दिले. त्याने वर्णन केलेली अळंबी दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम देशातली होती. म्हणजे ही अळंबी फक्त आमच्या बांबूत येत नाही, जगातल्या पुष्कळ उष्ण व दमट देशांत येते.

ओळखायचे कसे?

१. पहिली खूण वास. मेलेल्या जनावराचा किंवा कुजलेल्या मांसाचा वास येतो, पण जनावर कुठे दिसत नाही.

२. जवळपास पाचोळा, कुजके लाकूड, बांबू किंवा शेणखत असते. दिवस पावसाळ्याचे असतात.

३. मधे पांढरा दांडा असतो. तो आतून पोकळ असतो आणि त्याला स्पंजासारखी छिद्रे असतात. आमच्या अळंबीचा दांडा मी पट्टीने मोजला, तो १७ सेंटिमीटर भरला.

४. दांड्यावर लहानशी टोपी असते. टोपीवर हिरवट काळसर चिकट लगदा असतो. घाण वास या लगद्याचाच असतो. बाकीच्या दांड्याला फारसा वास नसतो.

५. टोपीखालून जाळीचा घागरा लोंबतो. आमच्या अळंबीचा घागरा पांढरा होता. काही जातींचा पिवळा किंवा नारिंगी असतो. काही जातींना घागराच नसतो.

६. दांड्याच्या बुडाशी फाटलेली पिशवी असते. ती म्हणजे तिच्या अंड्याचे टरफल.

होय, ही अळंबी अंड्यातून निघते! पण ते अंडे कोंबडीचे किंवा सापाचे नसते. त्याची गोष्ट पुढे सांगते.

वास कशासाठी?

झाडाला बी असते, तसे अळंबीला बीजाणू असतात. ते इतके बारीक असतात की एक मिलिमीटरच्या रेघेवर दोनशेहून जास्त बीजाणू ओळीने मावतील. साध्या छत्रीसारख्या अळंबीचे बीजाणू छत्रीखालून गळतात आणि वाऱ्यावर उडून जातात. पण घाण वासाच्या अळंबीचे बीजाणू चिकट लगद्यात असतात. ते वाऱ्याने उडत नाहीत. मग ते दुसरीकडे न्यायचे कोणी? तर माश्यांनी.

माशीला कुजलेले आवडते. ती तेथे बसून खाते आणि अंडीही घालते. अळंबी कुजलेल्या मांसासारखा वास सोडते. या वासात गंधक असलेले पदार्थ असतात. कुजलेल्या मांसातूनही तसेच पदार्थ निघतात, म्हणून आम्हाला उंदीर मेल्यासारखे वाटले. माशी फसून येते. लगदा थोडा गोड असतो, म्हणून ती तो चाटून खाते. तिच्या पायांना पण बीजाणू चिकटतात. मग ती उडून जाते आणि दुसरीकडे विष्ठा टाकते. त्यातून बीजाणू जिवंत बाहेर पडतात. म्हणजे मधमाशीला फूल बोलावते, तशी या माशीला ही अळंबी बोलावते. फूल सुगंधाने बोलावते आणि ही दुर्गंधाने, एवढाच फरक.

आपल्या मावळात असे करणारी एक वनस्पती सर्वांच्या ओळखीची आहे. ती म्हणजे शेवळं. पावसाच्या सुरुवातीला आपण त्यांची भाजी करतो. घसा खाजू नये म्हणून त्यात काकडं किंवा चिंच घालतात. ती कोवळी असतात तोवर ठीक. पण शेवळं रानात फुलली की त्यांना असाच कुजका वास येतो, आणि त्या वासाला किडे येतात. शेवळं ही कंदाची वनस्पती आहे आणि अळंबी वनस्पती नाहीच. दोघांची जात वेगळी, पण युक्ती एकच.

ही वनस्पती का नाही?

वनस्पतीला हिरवी पाने असतात. ती उन्हात आपले अन्न तयार करतात. अळंबीला हिरवा रंग नाही आणि पाने नाहीत. ती बुरशीच्या जातीची आहे. तिला कवक म्हणतात. आपल्याला दिसते ती अळंबी म्हणजे आंब्याच्या झाडाचा नुसता आंबा समजा. खरे झाड जमिनीत असते. ते म्हणजे बारीक पांढऱ्या धाग्यांचे जाळे. हे धागे पाचोळ्यात आणि लाकडात पसरतात, त्यांना कुजवतात आणि त्यातून अन्न घेतात. कुजलेल्याची माती होते. तीच माती पुन्हा बांबूला मिळते. हे धागे नसते तर बांबूच्या बेटात दर वर्षीचा पाचोळा साठून डोंगर झाला असता.

अंड्यातून अळंबी

गुरुवारी संध्याकाळी गुरुजी वाडीवर गेले. शुक्रवारी तो मुलगा शाळेत आला. गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर सांगितले, वास कशाचा होता ते. मग त्याला विचारले, "तू अशी छत्री कधी पाहिली आहेस का?" तो म्हणाला, "लई वेळा. आमच्या वाडीमागं बांबूत येत्यात. आधी अंडं असतं." आम्हाला हे कोणालाच माहीत नव्हते. त्याला सोमवारी कोणी विचारले असते, तर त्याने सोमवारीच सांगितले असते.

त्याने बांबूखालचा पाचोळा हाताने हळूच बाजूला केला. खाली दोन अंडी होती. कोंबडीच्या अंड्याएवढी, पांढरट, पण मऊ. बुडाला मुळासारखा पांढरा दोरा होता. एक मुलगी "सापाचं अंडं!" म्हणून ओरडली. सापाच्या अंड्याला असा दोरा नसतो. तो दोरा म्हणजे जमिनीतल्या धाग्यांचा पीळ.

एक अंडे गुरुजींनी उभे कापले. आत काय होते ते चित्रात दाखवले आहे. बाहेर साल, तिच्या आत चिकट पारदर्शक गर, त्याच्या आत हिरवट लगदा, आणि अगदी मधे दाबून बसलेला पांढरा दांडा. म्हणजे अख्खी अळंबी आत घडी करून ठेवलेली होती.

दुसरे अंडे आम्ही मातीसकट एका घमेल्यात घेतले. आमचे घर शाळेजवळ आहे, म्हणून ते माझ्याकडे दिले. आजी म्हणाली, "घरात आनू नगंस ते." म्हणून घमेले गोठ्याच्या पडवीत ठेवले आणि वर ओले पोते अंथरले. शनिवारी काहीच झाले नाही. शनिवारी संध्याकाळी अंड्याचे टोक फुगले. वाडीवरच्या माझ्या मित्राने ते पाहिले आणि म्हणाला, "उद्या पाटं फुटंल." रविवारी पहाटे तो पावसात चालत आमच्याकडे आला. त्याचे म्हणणे खरे झाले. मी वहीत वेळा लिहून ठेवल्या, त्या अशा :

सकाळी ५ वाजून १० मिनिटे – अंड्याची साल वर फाटली. हिरवट टोपी दिसली.
६ वाजता – टोपी वर आली. दांडा ४ सेंटिमीटर.
६ वाजून ४५ मिनिटे – दांडा ९ सेंटिमीटर. वास सुरू झाला. गाय फुर्रर करू लागली.
७ वाजून १५ मिनिटे – टोपीखालून जाळी दिसू लागली.
८ वाजता – घागरा पूर्ण उघडला. दांडा १५ सेंटिमीटर.
१० वाजता – टोपीवर ११ माश्या मोजल्या.
दुपारी ४ वाजता – माश्यांनी बहुतेक लगदा खाल्ला. टोपी पांढरी पडली. वास कमी झाला.
सोमवारी सकाळी – दांडा आडवा पडला होता.

एवढ्या लवकर अळंबी कशी वाढली? खरे म्हणजे ती वाढत नाही, उलगडते. अंड्यात दांडा आधीच तयार असतो. गरात पाणी साठवलेले असते. ते पाणी घेऊन दांडा फुगतो. मिटलेली छत्री उघडायला जसा वेळ लागत नाही, तसे हे आहे. म्हणूनच ती पावसाळ्यात येते. पाणी नसेल तर छत्री उघडणार कशी?

तीन तास आम्ही दोघे पडवीत बसलो होतो. आजीने दोघांना चहा आणि बटर दिले. मी त्याला म्हटले, "सोमवारी मी दप्तर उचललं ना, ते चुकलं." तो म्हणाला, "बघ, जाळी निघाली." मग आम्ही जाळी बघितली.

जगातल्या इतर जाती

या कुळात आणखी गमतीच्या जाती आहेत. एकीचा आकार तांबड्या ताऱ्यासारखा असतो. तिचे नाव असेरोए रुब्रा. ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरची ही अळंबी पाहून तिचे वर्णन १८०० साली छापले गेले. दुसरी एक तांबड्या पिंजऱ्यासारखी असते. युरोपात बिनघागऱ्याची जात फार आढळते. हॉलंडमधल्या हेड्रियानस ज्युनिअस नावाच्या डॉक्टरांनी १५६४ साली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधी, तेथील अशाच एका अळंबीवर छोटे पुस्तक लिहिले होते.

मोठे शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांच्या मुलीला, हेन्रिएटा यांना, ही अळंबी मुळीच आवडत नसे. त्या टोपली आणि टोकदार काठी घेऊन रानात जात, नाकाने वास घेत घेत अळंब्या शोधत, आणि घरी आणून जाळून टाकत. हे त्यांच्या भाचीने १९५२ साली आठवणींच्या पुस्तकात लिहिले आहे. आम्ही नाकाने शोधले, पण जाळले नाही.

ज्यांना अळंबीचा अभ्यास करायचा आहे, त्यांच्यासाठी पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे. ती १९४६ साली स्थापन झाली. तेथे सुकवलेल्या आणि जिवंत बुरशींचा मोठा संग्रह आहे. मोठी झाल्यावर मला तो पाहायचा आहे.

पालकांनी व मुलांनी लक्षात ठेवावे

ही अळंबी विंचवासारखी चावत नाही. तिच्या वासाने आजार होत नाही. पिकाला ती अपाय करत नाही. हात लागलाच तर साबणाने धुवावा, कारण वास लवकर जात नाही. आमच्या शाळेमागे रॉकेल ओतावे असे काहीजण म्हणाले, पण त्याने माती खराब होते. आम्ही खिडकीजवळचे कुजके बांबू उचलून बेटाच्या पलीकडे टाकले. आता वर्गात वास येत नाही. अळंबी तिकडे येते आणि माश्याही तिकडेच जातात.

चीनमध्ये घागऱ्याच्या अळंबीची शेती करतात. घाण टोपी काढून टाकून दांडा सुकवतात आणि त्याचे सार करतात. पण आपण मुलांनी कोणतीही रानातली अळंबी किंवा तिचे अंडे खाऊ नये. याचे कारण फार महत्त्वाचे आहे. काही विषारी अळंब्यासुद्धा लहानपणी पांढऱ्या अंड्यासारख्याच दिसतात. अमॅनिटा कुळातल्या काही जाती इतक्या विषारी असतात की त्यांनी माणूस मरू शकतो. त्यांचे विष लगेच कळत नाही. सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि तोवर विष शरीरात गेलेले असते. मग यकृत खराब होते.

अळंबी शिजवताना लसूण किंवा चांदीचे नाणे काळे पडले नाही, म्हणजे ती चांगली, असे काही लोक म्हणतात. ते खरे नाही. विषारी अळंबीने नाणे काळे पडतेच असे नाही. वारुळावरची अळंबी आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात व खातात. ती फक्त जाणत्या माणसानेच आणावी. कोणी चुकून वेगळी अळंबी खाल्ली, तर त्रास होण्याची वाट न पाहता दवाखान्यात जावे, आणि उरलेली अळंबी बरोबर न्यावी. त्यावरून डॉक्टरांना कळते.

शेवटी एवढेच सांगते. वास आला की आपण लगेच माणसाकडे पाहतो. आम्ही तसेच केले आणि आमचा मित्र दोन दिवस शाळेला मुकला. वास बांबूखालून येत होता. यापुढे कोठेही वास आला, तर आधी खिडकीबाहेर बघा. माश्या कुठे चालल्या आहेत ते बघा. आणि तरीही कळले नाही, तर आमच्या वर्गात खिडकीजवळ बसणाऱ्या मुलाला विचारा. त्याला रानातले पुष्कळ कळते. मी आता त्याच्या शेजारच्या रांगेत परत बसते.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी